अडीच टक्क्यांचा उतार : गच्चीवरच्या प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

आजपासून वही सुरू. ८ जून २००४ ला शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे शुक्र सूर्यासमोरून गेला, तेव्हा मी आयटीआयला होतो. सरांनी छोट्या दुर्बिणीतून कागदावर सूर्याचं बिंब पाडलं होतं आणि त्यावरून एक काळा ठिपका हळूहळू सरकत होता. तो ठिपका डोक्यातून गेला नाही. पुढचं शुक्राचं अधिक्रमण थेट २११७ साली आहे. पण दुसऱ्या ताऱ्यांसमोरून त्यांचे ग्रह रोज जात असतात, आणि त्यातलं एखादं साध्या कॅमेऱ्यानं पकडता येतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

ठिपका दिसणार नाही. तारा एवढा लांब आहे की तो स्वतःच एक बिंदू आहे. दिसेल ती फक्त प्रकाशात पडलेली घट, आणि ती मोजायची आहे. मोजणं हेच माझं रोजचं काम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीनशॉपला मी इन्स्पेक्शनला आहे. मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल यांच्यातच दिवस जातो.

ग्रह निवडला : एचडी १८९७३३ बी. जंबुक तारकासमूहात, ६४.५ प्रकाशवर्षांवर. फ्रान्सच्या ऑत-प्रोव्हान्स वेधशाळेतून फ्रांस्वा बुशी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शोधलेला. गुरूपेक्षा वस्तुमान आणि आकार दोन्हींनी थोडा मोठा, वर्ष फक्त २.२ दिवसांचं. त्याचा तारा सूर्यापेक्षा लहान आणि नारिंगी, त्यामुळे एवढा मोठा ग्रह पुढून गेला की प्रकाश जवळजवळ २.४ टक्के घटतो. तारा ७.७ प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही पण कॅमेऱ्याला सहज सापडतो. नवशिक्यानं याच्यापासूनच सुरुवात करावी, असं सगळीकडे वाचलं.

आणखी एक गोष्ट जमून आली. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ उत्तर आणि ताऱ्याची क्रांती, म्हणजे आकाशातला त्याचा अक्षांश, २२.७ उत्तर. म्हणजे तो आमच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. दिवाळीच्या आसपास अंधार पडेपर्यंत तो माथ्यावरून पश्चिमेकडे कलू लागलेला असतो. पावसाळ्यानंतर हेच दोन महिने हाताशी आहेत.

२९ सप्टेंबर, रविवार

पाऊस. बसून वेळा काढल्या. अधिक्रमणाच्या मध्याची प्रसिद्ध झालेली एक वेळ घ्यायची आणि त्यात २ दिवस ५ तास १४ मिनिटं ४५ सेकंद मिळवत जायचं. एकूण अधिक्रमण ११० मिनिटांचं. बहुतेक वेळा दिवसा पडतात नाहीतर तारा मावळल्यावर. कोल्हापुरातून उपयोगाची निघाली ती अशी : ५ ऑक्टोबर (मध्य संध्याकाळी ७.०४, सुरुवात उजेडात जाणार), १६ ऑक्टोबर (रात्री ९.१८, सगळं दिसणार), २५ ऑक्टोबर (६.१७, फक्त शेवट), ५ नोव्हेंबर (८.३१, सगळं), २५ नोव्हेंबर (७.४३, सुरुवात संधिप्रकाशात). दोन महिन्यांत पाच, त्यातली धड तीन.

साहित्य : जुना डीएसएलआर, २०० मिमीची एफ-४ लेन्स (म्हणजे तोंड ५० मिमीचं), आणि अण्णांनी लेथवर करून दिलेला ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यामागं कॅमेरा हळूहळू फिरवत नेणारं यंत्र. अण्णा आमच्या गल्लीतले जुने टर्नर. पितळी वर्मव्हील (वर्म नावाच्या स्क्रूनं फिरणारं दातेरी चाक) १४४ दातांचं, ध्रुवताऱ्याकडे तोंड केलेल्या शाफ्टवर. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा घेते, म्हणजे एक दात सरकायला जवळपास दहा मिनिटं. वर्मला स्टेपर मोटर.

५ ऑक्टोबर, शनिवार

नवरात्र. संध्याकाळी पाचपासून ढग. ट्रॅकर गच्चीवर चढवलाच नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

शॉपमध्ये मशिनींची पूजा झाली. घरी आल्यावर आईनं वर्मव्हीललाही हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. फूल काढलं, कुंकू राहू दिलं.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

सगळं अधिक्रमण अंधारात आणि तारा चांगला उंच. पौर्णिमेचा चंद्र असला तरी ताऱ्यापासून लांब होता, चाललं असतं. आठ वाजता सगळी मांडणी तयार. आठ दहाला नैऋत्येकडून काळं आलं. ८.२५ ते ८.४५ एवढ्या वेळात ढगांच्या फटीतून ४७ फोटो मिळाले, मग शिंतोडे, आणि मी कॅमेऱ्यावर पिशवी टाकून खाली पळालो.

मसाला दूध खोलीतच प्यालो. धाकटीनं विचारलं, "पप्पा, ढगाच्या मागं तो आत्ता ताऱ्यापुढून जातोय का?" घड्याळात ९.१८ झाले होते. जात होता, अगदी मधोमध.

२० ऑक्टोबर, रविवार

आकाश धुतल्यासारखं. पश्चिमेला त्सुचिन्शान-ॲटलस धूमकेतू कॅमेऱ्यात छान आला, घरच्या सगळ्यांनी बघून घेतला. मग मी माझ्या ताऱ्याकडे वळलो.

सापडायला सोपा आहे. अभिजित, श्रवण आणि हंसातला ठळक तारा यांचा मोठा त्रिकोण, त्याच्या आत शर नावाचा चार ताऱ्यांचा बाण, त्याच्या थोडं वर डंबेल तेजोमेघ. शार्ल मेसियेनं १७६४ मध्ये नोंदवलेला एम-२७. त्याच्यापासून चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढं पूर्वेला सरकलं की आपला तारा. फोटोत तेजोमेघ हिरवट-निळसर कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो आणि शेजारी हा साधा, कुणी लक्ष देणार नाही असा नारिंगी ठिपका.

आज फोकसची चाचणी होती. नेमका फोकस केला तर ताऱ्याचा सगळा प्रकाश चार-सहा पिक्सेलवर पडतो. तारा जरा हलला की दुसरे पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडी वेगळी. वर ते पिक्सेल भरून वाहतात आणि मग मोजण्यात अर्थच उरत नाही. म्हणून फोकस मुद्दाम बिघडवायचा. तारा वीसएक पिक्सेल रुंदीच्या चकतीएवढा पसरू द्यायचा म्हणजे प्रकाश शेकडो पिक्सेलवर वाटला जातो. फोटो बघायला वाईट, मोजायला उत्तम. वीस सेकंदांचं एक्स्पोजर, आयएसओ ४००, फाईल रॉ. हिशेबात फक्त हिरवे पिक्सेल धरायचे.

सकाळी अण्णांना सगळं समजावून सांगत होतो. त्यांना एकच शंका : "आरं, हवा सारखी बदलती. तारा कमी झाला का हवा जाड झाली, ह्ये कळणार कसं? मास्टर कुठाय तुझा?"

नेमका प्रश्न. आमच्याकडे डायल कंपॅरेटरवर जॉब तपासताना आधी मास्टर, म्हणजे नेमक्या मापाचा नमुना, लावून शून्य धरतात. उन्हाळ्यात शेड तापते, जॉब फुगतो, पण मास्टरही तेवढाच फुगतो, त्यामुळे फरक खरा येतो. इथंही तसंच. त्याच फोटोतले शेजारचे दोन-चार तारे मास्टर धरायचे. धूर, विरळ ढग, क्षितिजाकडची जाड हवा यांनी सगळेच तारे सारखे मंद होतात. आपल्या ताऱ्याच्या प्रकाशाला त्यांच्या प्रकाशानं भागलं की हवा निघून जाते आणि ग्रह उरतो.

अण्णा म्हणाले, "आणि मास्टरच चुकीचा असला तर?" म्हणून चार तारे घेतले आणि एकमेकांशी ताडून बघितले. त्यातला एक तासाभरात बाकी तिघांच्या तुलनेत सरकत होता. का ते शोधत बसलो नाही, काढून टाकला. तीन राहिले.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

फक्त शेवट मिळणार होता. सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळला, ग्रह ७.११ ला ताऱ्यावरून पूर्ण बाहेर. पावणेसातपासून फोटो घेतले. आकाश अजून निळसर, दर मिनिटाला पार्श्वभूमी बदलत होती. ८.१५ ला थांबलो.

रात्री ॲस्ट्रोइमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. आलेख डावीकडे खाली आणि उजवीकडे वर जातोय. बघून अंगावर काटा आला. पण हा चढ ग्रह बाजूला झाल्याचा की संधिप्रकाश सरल्याचा, हे या फोटोंवरून ठरत नाही. शॉपमध्ये असला जॉब मी पास केला नसता. इथंही करणार नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

तीन रात्री फटाक्यांचा धूर रंकाळ्यावर अंथरूण घातल्यासारखा. निरीक्षण नाही. वाचन मात्र झालं.

१९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी बी सापडल्याचं सांगितलं, तेव्हा धक्का ग्रह सापडल्यापेक्षा तो जिथं सापडला त्या जागेचा होता. आपल्या सूर्यमालेत मोठे वायूचे ग्रह लांब थंडीत आहेत. गुरूला एका फेरीला बारा वर्षं लागतात. हा गुरूच्या जातीचा ग्रह मात्र ४.२ दिवसांत ताऱ्याला फेरी मारत होता. दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ बी हा असाच ग्रह ताऱ्यासमोरून जाताना पहिल्यांदा मोजला गेला. एवढ्या जवळ असला ग्रह जन्मणं अवघड. तिथं बर्फ टिकत नाही आणि माल जमत नाही. म्हणून तो लांब तयार होऊन नंतर आत सरकला असावा, हे बहुतेक अभ्यासकांचं मत.

आपल्याकडेही अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या लोकांनी माउंट अबूच्या दुर्बिणीवरून २०२१ मध्ये टीओआय-१७८९ बी हा तप्त वायुग्रह शोधला. आणि एका तप्त ग्रहाचं नावच आपलं आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघानं देशोदेशी नावं मागवली, तेव्हा भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला बिभा हे नाव मिळालं, विश्वकिरणांवर काम केलेल्या बिभा चौधुरी यांच्यावरून. त्याच्या ग्रहाचं नाव संतमस, संस्कृतात दाट अंधार. हे नाव मला फार आवडलं. धाकटीला दोन्ही पाठ करून घ्यायला लावली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

धूर बराच निवळला. चतुर्थीची कोर पश्चिमेला, लवकर मावळणारी. सात दहाला पहिला फोटो. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाईलच्या वेळेशी सेकंदावर लावून घेतलं होतं.

७.३६ ला कडेला कड लागणार. गच्चीवर उभं राहून ताऱ्याकडे बघत होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, तरी बघत राहिलो. तिथं सेकंदाला दीडशे किलोमीटरनं एक ग्रह आडवा चालला आहे. आणि हा जो प्रकाश येतोय तो १९६० च्या सुमारास निघालेला. महाराष्ट्र राज्य झालं ते साल. आजोबांनी तेव्हा नवी सायकल घेतली होती, तिची गोष्ट आई अजून सांगते. तेव्हापासून हा उजेड वाटेत आहे.

आठ बावन्नला ट्रॅकरमधून 'टक्' असा बारीक आवाज आला. स्क्रीनवर सगळे तारे तीस-चाळीस पिक्सेल बाजूला. परत मध्ये आणावं की तसंच राहू द्यावं या घोळात दोन मिनिटं गेली, शेवटी हात लावला नाही. ९.५० पर्यंत फोटो घेतले. थंडीनं लेन्सवर दव धरायला लागलं होतं म्हणून घाईनं लेन्स काढून पुसली आणि डब्यात ठेवली.

चूक तिथंच झाली, आणि ती आत गेल्यावर लक्षात आली.

६ नोव्हेंबर, बुधवार

आलेखात ७.३६ पासून उतार लागतो. अगदी त्याच वेळेला. आठपर्यंत खाली, मग सपाट. पहिल्यांदा बघितला तेव्हा बायकोला झोपेतून उठवलं. पण ८.५२ ला एकदम दीड टक्क्याची पायरी आहे, आणि त्यापुढचा चढ तिच्यात बुडून गेला आहे.

कारण साधं. तारे वेगळ्या पिक्सेलवर गेले. सेन्सरवर धूळ आहे, लेन्स कडेला कमी उजेड देते. हे दुरुस्त करायला फ्लॅट लागतात. सारख्या उजेडाच्या पांढऱ्या पडद्याचे फोटो, त्याच फोकसवर, त्याच लेन्सनं, कॅमेरा जराही न फिरवता. मी फ्लॅट घ्यायच्या आधीच लेन्स काढली होती. सरफेस प्लेट न पुसता हाईट गेज लावण्यासारखं झालं हे. दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

उतारावरून मात्र एक वेळ काढता येते. उताराचा मध्य धरून पुढं अर्धं अधिक्रमण मोजलं तर मध्यबिंदू ८.३६. हिशेबानं यायला हवा होता ८.३१. पाच मिनिटं चूक. ठेवून देतो, पुढं कामाला येईल.

९ नोव्हेंबर, शनिवार

वर्मव्हील सोडून अण्णांकडे नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं, चाक बोटाबोटानं फिरवलं आणि एका दातावर थांबले. "ह्यो बघ. बर राहिलाय." नखानं दाखवला. मला दिसलाही नाही, पण बोट फिरवल्यावर लागला. केसाएवढी पितळेची धार. दहा मिनिटांतून एकदा एक दात पुढं येतो, आणि मंगळवारी नेमका हा दात ८.५२ ला वर्मखाली आला. अण्णांनी बारीक कानशीनं धार काढली, मग लॅपिंग पेस्ट लावून वर्म आणि व्हील अर्धा तास एकमेकांवर फिरवलं. रॉकेलनं धुतलं. पैसे घेतले नाहीत, "आलेख दाव मला" एवढंच म्हणाले.

तिथून शिरोलीला एका फाउंड्रीत कास्टिंग बघायला जायचं होतं. भट्टीजवळ उभा राहिलो आणि सगळा वेळ ग्रहच डोक्यात.

पायरोमीटरवर १३८० अंश होते. लॅडलमधलं (ओतायच्या भांड्यातलं) लोखंड एवढं तापलेलं असतं की त्याकडे नीट बघवत नाही. एचडी १८९७३३ बी च्या ताऱ्याकडच्या बाजूचं तापमान सुमारे ९३० अंश सेल्सिअस. म्हणजे ओतत्या लोखंडाइतकं नाही, पण ॲल्युमिनियम केव्हाच पाणी झालं असतं आणि पितळ पाझरायला लागलं असतं. ग्रह ताऱ्यापासून साधारण ४६ लाख किलोमीटरवर आहे. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर असतो. एवढ्या जवळ असल्यानं ताऱ्याच्या ओढीनं त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. तिकडे कायमचा दिवस, पलीकडे कायमची रात्र. २००७ मध्ये हेदर नटसन आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर अवकाश दुर्बिणीतून ३३ तास हा ग्रह पाहून त्याचा उष्णतेचा नकाशा काढला. परग्रहाचा असला नकाशा पहिलाच. त्यात सगळ्यांत तापलेली जागा बरोबर मध्यावर नव्हती, पूर्वेला सरकलेली होती. वाऱ्यानं उष्णता ओढून नेल्याची ती खूण. २०१५ मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या मंडळींनी तिथला वारा मोजला : सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर.

आणि त्या वाऱ्यात वाळू. वातावरणात वर सिलिकेटचे बारीक कण असावेत असं अनेक मोजमापांवरून दिसतं. दगडाची वाफ निवते आणि तिचे कण होतात. समोर मोल्डिंगला काळ्या सिलिका सँडचा ढीग पडला होता. मूठभर हातात घेतली. गरम होती, साचे फोडून नुकतीच परत आलेली. तीच सिलिका. पलीकडे शॉट ब्लास्टिंगचं मशीन चालू होतं. त्यात छर्रे सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगानं मारतात आणि कास्टिंगवरची पापुद्रा धरलेली वाळू दोन मिनिटांत साफ होते, लोखंड चकाकतं. त्याच्या वीसपट वेगानं वाळू आडवी मारणारा वारा, कायमचा.

कपोला (लोखंड वितळवायची जुनी भट्टी) पूर्वी होता तेव्हा गरम स्लॅगवर पाणी मारलं की कुजक्या अंड्यांचा वास यायचा. हायड्रोजन सल्फाइड. या जुलैमध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांतून ह्याच ग्रहाच्या वातावरणात हायड्रोजन सल्फाइड सापडल्याचं प्रसिद्ध झालं. फाउंड्रीतल्या एका वयस्कर मोल्डरला मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हंजे तिथंबी आपल्यासारखंच."

एवढं असून ग्रहाचा रंग निळा आहे. २०१३ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीनं तो ताऱ्यामागं जाताना कुठल्या रंगाचा उजेड कमी होतो ते मोजलं. निळा कमी झाला, बाकी जवळजवळ तसेच. ही निळाई समुद्राची नाही. वातावरणातले कण निळा उजेड परत फेकतात म्हणून ती दिसते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

विधानसभेचा निकाल. गल्लीत गुलाल, फटाके, जेसीबीवरून उधळण. लेन्स डब्यातच. गुलालाची पूड काचेवर बसली तर जात नाही. परवाची तयारी घरात केली : ट्रॅकर दोन तास नुसता चालवून आवाज ऐकला. टक् नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

थंडी चांगली पडली आहे. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. दुपारी चारलाच फ्लॅटसाठी पांढरा सुती पडदा धुऊन वाळत घातला. लेन्सभोवती दव धरू नये म्हणून गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात बांधून ठेवली, दर पाऊण तासानं धाकटी पाणी बदलणार.

६.३० : पहिला फोटो. आकाश अजून जांभळट.
६.४८ : सुरुवात. या वेळी आकाशाकडे बघत बसलो नाही, स्क्रीनकडे लक्ष. तारे जागच्या जागी.
७.१५ : पूर्ण काळोख. पिशवी बदलली.
७.४३ : मध्य. अण्णा जिना चढून आले, मफलर गुंडाळून. ट्रॅकरला कान लावून उभे राहिले, काही बोलले नाहीत.
८.३७ : शेवट. तारा पश्चिमेला तीस अंशांवर.
९.१० : शेजारच्या टाकीआड जायच्या आत थांबलो. ३७८ फोटो.

लेन्सला हात न लावता पडदा ताणून धरला आणि साठ फ्लॅट घेतले. अण्णांनी एक टोक धरलं, धाकटीनं दुसरं. मग लेन्सवर टोपी घालून तीस डार्क, म्हणजे पूर्ण अंधाराचे फोटो. सगळं दोन ठिकाणी कॉपी केल्याशिवाय कॅमेरा बंद केला नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार, पहाटे

झोप आली नाही म्हणून तीनला उठून बसलो.

एकेका फोटोचा आकडा ०.६ टक्क्यानं इकडेतिकडे उडतो, त्यामुळे सुरुवातीला नुसतं मोहरी सांडल्यासारखं दिसलं. दहा-दहा फोटोंची सरासरी घेतली. ठिपके एकत्र आले. वर एक सपाट रेघ, मग उतार, मग खाली वाटीच्या तळासारखा किंचित गोलसर भाग, मग तसाच चढ, आणि पुन्हा वरची रेघ. पायरी नाही. मास्टर तारे एकमेकांशी ताडले तर त्यांची रेघ सपाट.

तळ गोलसर का, याचं उत्तर ताऱ्यात आहे. बिंब मध्ये जास्त तेजस्वी, कडेला मंद असतं, जसं आपला सूर्यही कडेला थोडा काळपट दिसतो. शिवाय हा ग्रह ताऱ्याच्या मधोमधून न जाता थोडा बाजूनं जातो. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट माझ्या गच्चीवरच्या ठिपक्यांत दिसली.

१ डिसेंबर, रविवार

हिशेब पुरा केला.

घट २.२ टक्के, त्यात ०.३ इकडेतिकडे. प्रसिद्ध आकडा २.४, म्हणजे माझ्या टॉलरन्समध्ये. घट म्हणजे दोन चकत्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर, म्हणून वर्गमूळ काढायचं : ०.१४८. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.७८ पट धरली, म्हणजे सुमारे ५ लाख ४३ हजार किलोमीटर. गुणाकार : ८० हजार ४०० किलोमीटर. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१ हजार ४९२. माझा ग्रह गुरूच्या १.१२ पट.

हा ताराही डागाळलेला आहे, बारा दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याचं तेज टक्का-दीड टक्का आपसूक बदलतं. पण तो बदल दिवसांचा, माझा खड्डा पावणेदोन तासांचा. दोन्ही मिसळत नाहीत.

मध्यबिंदू ७.४१ आला, हिशेबापेक्षा दोन मिनिटं आधी. आता ५ नोव्हेंबरची ठेवून दिलेली वेळ कामाला आली. ८.३६ पासून ७.४१ पर्यंत १९ दिवस २३ तास ५ मिनिटं. मध्ये नऊ फेऱ्या. भागाकार : ५३ तास १३ मिनिटं ५३ सेकंद. वेधशाळांचा आकडा ५३ तास १४ मिनिटं ४५ सेकंद. ५२ सेकंदांचा फरक, तोही पहिली वेळ अर्ध्याच उतारावरून काढलेली असताना.

वस्तुमान मला काढता येत नाही. त्यासाठी ताऱ्याचं डोलणं मोजावं लागतं आणि तो वर्णपटाचा प्रांत. आकार आणि फेरी मात्र माझ्या हातच्या.

आलेखाची मोठी प्रिंट काढून संध्याकाळी अण्णांकडे नेली. त्यांनी ती लेथच्या दिव्याखाली धरली, चष्मा लावला, आणि उतारावरून बोट फिरवत गेले, जसं त्या दिवशी दातावरून फिरवलं होतं. खाली तळाशी येऊन थांबले. "हितं त्यो पुढं हाय?"

"होय अण्णा. हितं पुरता पुढं हाय."

बोट चढावरून वर गेलं, कडेपर्यंत. मग त्यांनी प्रिंट खडूच्या पाटीशेजारी चिकटपट्टीनं लावली.

तारा आता रोज चार मिनिटं लवकर मावळतो. जानेवारीत तो सूर्याच्या बाजूला जाईल. वर्मव्हीलला ग्रीस भरून, तेलकट कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.